मुलांमधला स्क्रब टायफस : खाडीच्या अलीकडेच सुरू व्हायचं औषध



स्मृतिव्याख्यानाला इतिहास, साहित्य, संतवाङ्मय असे विषय शोभतात. मी मुलांचा डॉक्टर आहे. संयोजकांनी विषयाची मोकळीक दिली आणि मी एका तापाचं नाव सांगितलं. त्यांनी ते आनंदानं मान्य केलं, याबद्दल त्यांचे आभार. गोराईच्या या सभागृहात आया आहेत, आशाताई आणि अंगणवाडीताई आहेत, शाळेचे शिक्षक आहेत, मागच्या रांगेत काही तरुण डॉक्टरही दिसतात. मला आज ज्यांच्याशी बोलायचं आहे ते सगळे इथे आले आहेत.

तापाचं नाव आहे स्क्रब टायफस. किती जणांनी ऐकलंय? चार-पाच हात वर आले. डेंग्यू विचारला असता तर सगळे आले असते. मलेरिया, टायफॉइड, लेप्टो, ही नावं मुंबईच्या घराघरात माहीत आहेत. जुलै 2005 च्या महापुरानंतर तर लेप्टो हा शब्द पोराटोरांच्याही तोंडी बसला. स्क्रब टायफसचं तसं झालेलं नाही. आणि या तापाला औषध आहे, स्वस्त आहे, पोटात घेण्याचं आहे, पहिल्या आठवड्यात दिलं तर बहुतेक मुलं दोन-तीन दिवसांत खडखडीत होऊ लागतात. मग मुलं दगावतात कशानं? नाव सुचलं नाही म्हणून. औषध उशिरा पोचलं म्हणून. माझं आजचं सगळं बोलणं या दोन वाक्यांभोवती आहे.

आधी हा आजार येतो कुठून ते पाहू. ओरिएन्शिया सुत्सुगामुशी नावाचा जिवाणू आहे. जपानमधल्या नदीकाठच्या शेतकऱ्यांमध्ये हा आजार फार पूर्वीपासून माहीत होता, म्हणून नाव जपानी. हा जिवाणू राहतो माइट नावाच्या किड्यात. गोचीड तुम्ही पाहिली आहे, हा किडा त्याच कुळातला, पण डोळ्यांना दिसणार नाही इतका बारीक. त्याची अळी जेमतेम 0.2 मिलिमीटरची. गवताच्या पात्यावर, झुडपात, ओलसर पालापाचोळ्यात ती बसून असते. तिला हवा असतो उंदीर, घूस किंवा चिचुंद्री. आयुष्यात एकदाच ती असं अंगाला चिकटते. वाटेत उंदराऐवजी आपलं पोर आलं, तर पोराला चिकटते. चावा दुखत नाही, कळतही नाही. या किड्याच्या मादीच्या अंड्यांतून जिवाणू पुढच्या पिढीत जातो, त्यामुळे नुसते उंदीर मारून हा आजार संपत नाही. आणि एक गोष्ट आयांसाठी मुद्दाम सांगतो : हा ताप एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही. आजारी मुलाचं ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही, त्याला भावंडांपासून दूर ठेवायची गरज नाही.

चावल्यापासून 6 ते 21 दिवसांत ताप येतो. हा मधला काळ डॉक्टरांनी नीट लक्षात ठेवायला हवा. कारण मुंबईचं मूल म्हणजे फक्त मुंबईचं मूल नसतं. गणपतीला ते कोकणात जातं, दिवाळीत विदर्भात मामाकडे जातं, तिथे शेतात लोळतं, परत येतं, शाळा सुरू होते आणि मग ताप येतो. तेव्हा ‘काल काय खाल्लं?’ या प्रश्नाबरोबरच ‘दोन आठवड्यांपूर्वी मूल कुठे होतं?’ हेही विचारायला हवं. बोरिवलीतल्या आठव्या मजल्यावरच्या मुलालाही हे विचारायला हवं.

आपल्या राज्यात हा आजार आहे का? 2018 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये विदर्भात त्याची मोठी साथ आली. नागपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि मेयो रुग्णालय इथे आसपासच्या जिल्ह्यांतून, शेजारच्या मध्य प्रदेशातूनही रुग्ण येत होते आणि त्यातले कित्येक वाचले नाहीत. गोव्यात बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी त्याआधीच, दशकाच्या सुरुवातीला, आपल्याकडच्या तापाच्या रुग्णांत तो शोधून दाखवला होता. म्हणजे पूर्वेला नागपूर, दक्षिणेला गोवा. मधल्या महाराष्ट्रात तो नाही असं मानण्याचं काही कारण आहे का?

इथे तीन डॉक्टरांची नावं आदरानं घेतो. अकोल्याचे डॉ. नरेंद्र राठी, सोलापूरचे डॉ. अतुल कुलकर्णी आणि नवी मुंबईचे डॉ. विजय येवले. स्क्रब टायफस आणि त्याचा भाऊबंद असलेला, गोचिडीपासून होणारा पुरळाचा ताप, हे दोन्ही रिकेट्सियल गटातले आजार. भारतीय बालरोग संघटनेनं या आजारांसाठी 2017 मध्ये मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली, ती या तिघांनी लिहिली. डॉ. राठींनी तर त्याआधीच, महागड्या तपासण्या हाताशी नसलेल्या डॉक्टरांसाठी, नुसत्या लक्षणांवरून आणि साध्या रक्त-लघवीवरून पुरळाचा ताप ओळखण्याचं गुणपत्रक तयार केलं होतं. अकोल्यात बसून, तिथल्या मुलांना तपासून. देशभरच्या डॉक्टरांनी वापरावी अशी गोष्ट आपल्या जिल्ह्याच्या गावातून निघाली याचा मला फार अभिमान वाटतो.

आता लक्षणं. सुरुवात इतर कुठल्याही तापासारखी. जोराचा ताप, डोकं दुखणं, अंग मोडून येणं, उलट्या, पोटात दुखणं, कोरडा खोकला. पाच दिवस झाले तरी ताप हटत नाही. डोळे लाल, पण चिपडं नाहीत. चेहरा किंवा पावलं थोडी सुजलेली. काखेत किंवा जांघेत अवधाण. पोट तपासलं तर यकृत, प्लीहा हाताला लागतात. काहींच्या अंगावर पुरळ. रक्त तपासलं तर प्लेटलेट पेशी कमी झालेल्या, यकृताचे आकडे वाढलेले, सोडियम आणि अल्ब्युमिन उतरलेलं. आता सांगा, पेशी कमी म्हटलं की मुंबईत पहिलं काय आठवतं? डेंग्यू. डेंग्यूची तपासणी होते, ती येते निगेटिव्ह. मग म्हणतात ‘व्हायरल असेल’. घरात पपईच्या पानांचा रस सुरू होतो. विडाल नावाची जुनी तपासणी होते, ती आपल्याकडे अनेकदा उगीचच पॉझिटिव्ह येते, आणि टायफॉइडची इंजेक्शनं सुरू होतात. दिवस जात राहतात.

या तापाची एक खूण मात्र फार बोलकी आहे. किडा जिथे चावला तिथे आधी छोटी पुटकुळी येते, ती फुटते आणि तिच्यावर काळी खपली धरते. विडीचा चटका बसल्यासारखी दिसते. गोल, मध्ये काळी, कडेनं लालसर. दुखत नाही, खाजतही नाही. सगळ्या मुलांत ती सापडते असं नाही. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर ती पटकन उठून दिसत नाही. आणि नेमकी ती लपलेल्या जागी असते : काखेत, जांघेत, चड्डीच्या इलॅस्टिकखाली, मुलग्यांच्या वृषणाच्या पिशवीवर, ढुंगणाच्या घडीत, कानामागे, बेंबीत, मुलींच्या केसांत. ओलसर जागी तिच्यावरची काळी खपली निघून जाते, नुसता पिवळसर खड्डा राहतो. म्हणून ती शोधायची असेल तर मुलाचे सगळे कपडे काढावे लागतात. उजेडात, डोक्यापासून पायापर्यंत, घड्या उलगडून बघावं लागतं. गर्दीच्या ओपीडीत हे अवघड आहे, मला ठाऊक आहे. शर्ट वर करून छातीला नळी लावली आणि चिठ्ठी लिहिली, असं होतं. पण दोन मिनिटं लागतात. दोनच मिनिटं.

एक मुलगी आठवते. सात-आठ वर्षांची, दुसऱ्या आठवड्यात गेलेला ताप, एका ठिकाणाहून टायफॉइडचं इंजेक्शन चालू असलेली. सुस्त पडून होती, हाक मारली की डोळे उघडायची आणि पुन्हा मिटायची. आईला म्हटलं, ताई, हिचा फ्रॉक काढा. डाव्या काखेत, हात पूर्ण वर केल्यावरच दिसेल अशा जागी ती काळी खपली होती. आई म्हणाली, “ही होय डॉक्टर? ही तर मी अंघोळीला रोज बघते. दुखत नाही म्हणाली म्हणून सोडून दिलं. म्हटलं, खेळताना काही लागलं असेल.” त्या आईनं रोज पाहिली होती. तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं की तापात अशी खपली दिसली तर डॉक्टरांना दाखवायची असते. त्या दिवशी औषध बदललं, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मुलगी उठून बसली, चहा-बिस्कीट मागू लागली.

सगळ्यांचं असं होत नाही. हा जिवाणू राहतो रक्ताच्या बारीक वाहिन्यांच्या आतल्या अस्तरात. अस्तर सुजतं आणि वाहिन्या पाझरू लागतात. बारीक वाहिन्या शरीरात कुठे नाहीत? सगळीकडे आहेत. म्हणून दुसऱ्या आठवड्यात हा आजार एकाच वेळी अनेक अवयवांना धरतो. फुप्फुसांत पाणी पाझरलं की मुलाला धाप लागते, न्यूमोनिया होतो आणि व्हेंटिलेटरची वेळ येते. मेंदूला सूज आली की झटके येतात, मूल बेशुद्ध होतं, घरचे म्हणतात ‘ताप डोक्यात गेला’. हृदयाचा स्नायू सुजतो. रक्तदाब पडतो, हातपाय गार पडतात. लघवी कमी होते, मूत्रपिंड थकतं. काही मुलांत शरीराची स्वतःची संरक्षणव्यवस्थाच पिसाळते आणि रक्तपेशी गिळू लागते. पहिल्या आठवड्यात गोळीनं आटोपलं असतं ते दुसऱ्या आठवड्यात अतिदक्षता विभागात जातं.

ताप डोक्यात जाण्याची सगळ्यात दुःखद हकीकत गोरखपूरची आहे. पूर्व उत्तर प्रदेशात वर्षानुवर्षं पावसाळ्यानंतर मुलं मेंदूज्वरानं दगावत. 2005 साली तर तिथे हजाराहून अधिक मृत्यू झाले. सगळा दोष जपानी मेंदूज्वराच्या विषाणूवर गेला. 2006 पासून त्याची लस दिली गेली. जपानी मेंदूज्वर कमी झाला, पण मुलं येतच राहिली. मग 2014 नंतर तिथल्या बीआरडी वैद्यकीय महाविद्यालयातले डॉक्टर, पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था आणि चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगविज्ञान संस्थेचे डॉ. मनोज मुऱ्हेकर यांच्यासारखे संशोधक यांनी त्या मुलांचं रक्त स्क्रब टायफससाठी तपासलं. निम्म्याहून अधिक मुलांत त्याचा पुरावा सापडला! ज्याला विषाणू समजून हात टेकले जात होते, त्यातल्या मोठ्या भागाला साध्या गोळीचं औषध होतं. त्यानंतर तिथे धोरण बदललं : ताप आलेल्या मुलाला गावपातळीच्या आरोग्य केंद्रातच, मेंदूला सूज येण्याची वाट न बघता, डॉक्सिसायक्लिन किंवा अझिथ्रोमायसिन द्यायचं.

औषधाचीही एक गोष्ट आहे आणि ती मला फार शिकवून जाते. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश-आसामच्या आघाडीवर हजारो सैनिकांना या तापानं गाठलं. तेव्हा औषधच नव्हतं. 1947 मध्ये व्हेनेझुएलातल्या मातीतून क्लोरँफेनिकॉल हे प्रतिजैविक मिळालं आणि 1948 मध्ये जोसेफ स्माडेल आणि थिओडोर वुडवर्ड यांच्या पथकानं ते क्वालालंपूरला स्क्रब टायफसच्या रुग्णांना देऊन पाहिलं. ताप दीड-दोन दिवसांत उतरला. त्या रुग्णांत असेही निघाले की ज्यांना प्रत्यक्षात टायफॉइड होता. तेही बरे झाले, आणि टायफॉइडला औषध मिळालं ते असं. त्या वेळी स्क्रब टायफसच्या रुग्णांत टायफॉइड लपला होता. आज आपल्याकडे टायफॉइडच्या रुग्णांत स्क्रब टायफस लपलेला असतो, आणि आता टायफॉइडची औषधं बदलली आहेत. सेफिक्झिम, सेफ्ट्रिअ‍ॅक्झोन ही औषधं जिवाणूच्या पेशीभित्तिकेवर घाव घालतात. स्क्रब टायफसचा जिवाणू आपल्या पेशींच्या आत राहतो आणि त्याची भित्तिका नावापुरती असते. ही इंजेक्शनं कितीही महाग असली, कितीही दिवस दिली, तरी या तापाला लागू पडत नाहीत.

लागू पडतं ते डॉक्सिसायक्लिन. 45 किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलाला दिवसाला किलोमागे सुमारे 4.5 मिलिग्रॅम, दोन भागांत विभागून. मोठ्या मुलाला 100 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. साधारण सात दिवस, आणि ताप उतरल्यावरही निदान तीन दिवस. किंवा अझिथ्रोमायसिन, किलोमागे 10 मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, पाच दिवस. हे आकडे तरुण डॉक्टरांनी लिहून घ्यावेत. आयांनी लिहून घेऊ नयेत, मनानं औषध देऊ नये. वजन बघून, मूल तपासून ते द्यायचं असतं. एक मात्र आयांनी पाळावं : डॉक्सिसायक्लिन भरपूर पाण्याबरोबर, बसून घ्यायचं, घेतल्या घेतल्या आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत जळजळ होते. दुधाबरोबर किंवा लोहाच्या गोळीबरोबर घ्यायचं नाही.

आता मागच्या रांगेतून प्रश्न येणार, आणि तो येऊ द्या : आठ वर्षांखालच्या मुलाला डॉक्सिसायक्लिन दिलं तर दात पिवळे पडतात ना? आम्ही सगळेच हे पाठ करून डॉक्टर झालो. ही भीती जुन्या टेट्रासायक्लिनची आहे, ती सरसकट डॉक्सिसायक्लिनला चिकटली. अमेरिकेत अ‍ॅरिझोनामध्ये, गोचिडीचा ताप जिथे फार आहे तिथे, आठ वर्षांच्या आत डॉक्सिसायक्लिन मिळालेल्या 58 मुलांचे दात ते न मिळालेल्या 213 मुलांच्या दातांशी ताडून पाहिले. 2015 मध्ये निष्कर्ष छापून आले. एकाही मुलाच्या दातावर त्या औषधाचा डाग नव्हता. 2018 पासून अमेरिकेच्या बालरोग अकादमीनं 21 दिवसांपर्यंत ते कुठल्याही वयात द्यायला संमती दिली आहे. ज्याला जगवायचं आहे त्या मुलाचे दात वाचवण्यासाठी औषध अडवून ठेवायचं, याचं समर्थन आता करता येणार नाही. शंका वाटतच असेल तर अझिथ्रोमायसिन द्या. पण द्या.

आणि रिपोर्ट? आयजीएम एलायझा ही तपासणी आहे, ती करावीच. पण तिच्यात दिसणारी प्रतिपिंडं तयार व्हायला पाच-सात दिवस लागतात. चौथ्या दिवशी निगेटिव्ह आली म्हणून आजार नाही असं होत नाही. रक्त पाठवा आणि औषध सुरू करा, त्याच दिवशी. 48 तासांत ताप उतरला तर ते उत्तर पुष्कळदा रिपोर्टच्या आधी येतं. 72 तासांत काहीच फरक पडला नाही तर दुसऱ्या आजाराचा विचार करा. गंभीर रुग्णांसाठी औषध शिरेतून द्यावं लागतं. आपल्याच देशातल्या सात रुग्णालयांत झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, दोन्ही औषधं एकत्र दिलेल्या गंभीर रुग्णांत मृत्यू, गुंतागुंत किंवा न उतरणारा ताप यांचं एकत्रित प्रमाण 33 टक्के होतं, एकेकटं औषध मिळालेल्यांत 47-48 टक्के. ते रुग्ण पंधरा वर्षांवरचे होते, लहान मुलांना तो नियम डोळे झाकून लावू नये. पण त्यातला एक आकडा नीट बघा. उत्तम औषध, उत्तम रुग्णालय, तरी तिघांतला एक संकटात. आजार गंभीर झाल्यावर औषध पोचलं तर हे असं होतं.

आता गोराई. मी आज इथे घाबरवायला आलेलो नाही. पण सभागृहात येताना मी आजूबाजूला पाहत होतो. घरांच्या मागे वाढलेलं गवत, भाताची खाचरं, नारळीच्या वाड्या, कचऱ्याच्या कडेला उंदीर, पाड्यांवरून झुडपांतल्या वाटेनं शाळेत येणारी मुलं. मुंबई महापालिकेच्या हद्दीत असं गाव आता किती उरलंय? त्याचा आनंद आहे, आणि त्याची काळजीही घ्यायला हवी. गणपतीपासून तुमच्या आगेरा या सुगीच्या सणापर्यंत आणि पुढे दिवाळीपर्यंत या तापाचे दिवस. घराभोवतीचं गवत काढा. कपडे झुडपांवर, गवतावर वाळत घालू नका. भातकापणीला मुलं बरोबर येतात, त्यांना उघड्या गवतावर झोपवू नका, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, घरी आल्यावर साबण लावून गरम पाण्यानं अंघोळ घाला आणि ते कपडे धुवायला टाका. अंघोळ घालताना काखा, जांघा, कानामागे बघा. लस नाही, त्यामुळे एवढंच हातात आहे.

आणि एक गोष्ट तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. मुलाला रात्री धाप लागली तर काय करता? जेट्टी, बोट, खाडीपलीकडे बोरिवली, तिथून रिक्षा. बोट बंद झाली असेल तर उत्तनवरून भाईंदरचा वळसा. मुलांचा अतिदक्षता विभाग खाडीच्या पलीकडे आहे. तो इथे उद्या उभा राहणार नाही. पण डॉक्सिसायक्लिन? पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून चाललेल्यांना लेप्टो होऊ नये म्हणून महापालिका दरवर्षी हेच औषध देते. म्हणजे औषध आपल्या व्यवस्थेत आहे, कपाटात आहे. ते या तापासाठी आठवायला हवं. शहराच्या मध्यात एक दिवस उशीर झाला तर कदाचित निभावतं. इथे तोच उशीर खाडी ओलांडायची वेळ आणतो.

म्हणून डॉक्टरांना माझी विनंती : पाच दिवसांवर गेलेला, कारण न सापडलेला ताप या दिवसांत समोर आला तर मुलाचे कपडे काढून तपासा, आणि संशय आला तर औषध त्याच दिवशी, इथेच सुरू करा. मूल सुस्त असेल, श्वास जलद असेल, झटका आला असेल, लघवी कमी असेल, तर पहिला डोस देऊन मगच पलीकडे पाठवा, आणि चिठ्ठीवर स्क्रब टायफसचा संशय स्पष्ट लिहा. आशाताईंनो, तापाची नोंद घेताना खपलीचीही चौकशी करा. आणि आयांनो, तीन दिवसांवर गेलेला मुलाचा ताप अंगावर काढू नका. दवाखान्यात जा, मुलाच्या अंगावर काळी खपली दिसली असेल तर ती दाखवा, आणि न लाजता विचारा : “डॉक्टर, हा स्क्रब टायफस तर नसेल?”